भरलेलं का वाढलेलं

इलाहीभाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तर तुम्ही नाहीच, तेव्हा हे पत्र दोन्हीकडून निकामी आहे हे मला कळतं. तरी लिहिते. तुमच्याबद्दल गावात एक गोष्ट सांगतात. इलाही नदाफ पेट्रोलच्या गाडीशेजारी विडी ओढत बसला आणि स्वतःच्या हातानं सगळं जाळून घेतलं, अशी. परवा एका लग्नात एक गृहस्थ मला तीच गोष्ट हसत हसत ऐकवत होते. ती खोटी आहे. खरं काय घडलं ते तुम्हाला ठाऊक होतं, तुमच्या खतिजाला होतं आणि मला आहे. तुमचीच हकिगत तुम्हाला सांगत बसणं शुद्ध वेडेपणा होईल. म्हणून आता ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांच्याकडे तोंड करते. तुम्ही ऐका, आणि चुकलं तर मनातल्या मनात बोला.

तर, इलाही नदाफ हा कोल्हापुरातला बैलगाडीवाला. त्याची माझी ओळख एकोणीसशे त्रेसष्टची. माझे यजमान गणपतराव पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांची पहिली बदली गगनबावड्याला झाली. आम्ही सामान बांधून शाहूपुरीतल्या एका लॉरी ऑफिसात नेलं. तिथं आकाराम नावाचा बुकिंग क्लार्क होता. कानावर पेन्सिल, हातात खडू. तो सामानातून फिरायचा आणि जे लॉरीत घेणार नाही त्यावर खडूनं फुली मारायचा. रॉकेलचा डबा, फुली. तेलाची बुधली, फुली. तुळशीची कुंडी, फुली. मांजराची पाटी, फुली. लोणच्याच्या तीन बरण्यांवर त्यानं तीन फुल्या मारल्या तेव्हा मी चिडले.

"बरण्यांनी काय केलंय तुमचं?"

"बाई, वाटंत एक फुटली की खालच्या सगळ्या गाद्यांचं लोणचं हुतंय."

"मग काय टाकून देऊ?"

"टाकताय कशाला? इलाही हाय की भाईर."

बाहेर नांदरुकाच्या झाडाखाली इलाहीची गाडी उभी असायची. फुली मारलेलं सगळं त्याच्याकडे जायचं. लोक त्याला फुलीवालाच म्हणत. उंच, वाळका, चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि बोलताना समोरच्याच्या वस्तूकडे बघून बोलायची सवय. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजायचं काम. बापाच्या छातीत कापसाची धूळ बसली आणि तो खोकून खोकून गेला, तेव्हा यानं पिंजायची कमान खुंटीला लावली आणि बैल घेतले. पण नुसता गाडीवाला म्हणून त्याला वेगळं काही मिळालं नसतं. तो जे करत होता ते दुसरं कोणी करत नव्हतं, हे त्याला माहीत होतं, आणि त्या झाडाखालची जागा म्हणजे त्याची इज्जत होती.

गाडी भरायच्या आधी तो प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून घरच्या बाईला विचारायचा, "वैनी, ह्ये भरलेलं का वाढलेलं?"

आपल्याकडे मीठ, तेल, कुंकू संपलं असं बायका म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. रिकामं हा शब्द तर घर सोडताना तोंडातून काढायचाच नाही. इलाहीनं शेकडो घरं हलवली होती. त्याला हे आमच्यापेक्षा पक्कं होतं. भरलेलं असेल तर ते गाडीच्या मागच्या बाजूला, उभं, वाळूच्या पाटीत. रॉकेल असलं तर अख्ख्या वाटेत विडी बंद, चूल बंद, कोरडी भाकरी. वाढलेलं असेल तर ते आडवं, तळाला, पिंजरात म्हणजे भाताच्या पेंढ्यात, आणि वर बाकीचं. त्याचा सगळा धंदा या दोन शब्दांवर चालायचा.

मी म्हटलं, "मला कशाला विचारता? झाकण उघडा आणि बघा."

"झाकण मी उघडत न्हाय, वैनी."

"का?"

"एकदा एका बाईंच्या बरणीचा दादरा सुटला वाटंत. फडकंच ते. म्हटलं मुंग्या जातील, म्हणून परत बांधला. पोचल्यावर सांगून बसलो. बाई म्हणाली, आता ही बरणी तुमच्या घरीच न्या. आख्खी बरणी, आंब्याची!"

"मग?"

"मग काय, खाल्लं की वरीसभर. पन खरं सांगू? त्ये लोणचं काय ग्वाड लागलं न्हाय."

तेव्हापासून तो कोणाच्या भांड्याचं झाकण उघडत नव्हता. देवांचं गाठोडं असेल तर बाईनं स्वतः गाडीत ठेवायचं आणि स्वतः उचलायचं. तुम्ही सांगायचं, मी मानायचं, हा त्याचा नेम. मी त्याला म्हटलं, आमच्या घरात असलं काही नाही, खुशाल उघडा. तो हसला आणि म्हणाला, "तुमच्यात न्हाय. पन नेम एकदा मोडला की त्यो दुसऱ्या घरात बी मोडतोय."

रॉकेलच्या दुसऱ्या डब्यावर त्यानं बोट ठेवलं तेव्हा मी म्हटलं, "रिकामा."

"असं म्हणू नये, वैनी. वाढला म्हणावं."

"मी बी.एस्सी. झालेय, इलाहीभाई. संपलं त्याला मी संपलंच म्हणते."

"बी.एस्सी. झालासा म्हणून काय घरातलं तेल संपवायचं?"

पुढच्या आठ वर्षांत त्यानं आमचं घर तीनदा हलवलं. गगनबावड्याहून परत, मग आजरा, मग पुन्हा कोल्हापूर. दर खेपेला हा वाद व्हायचा. तो "वाढलं म्हणा" म्हणायचा, मी मुद्दाम मोठ्यानं "रिकामं, रिकामं, रिकामं" म्हणायची, आणि तो टॉवेलानं कान झाकायचा. गगनबावड्याच्या वाटेवर पावसानं अंग गारठलेलं असताना हा माणूस आमचं मांजर स्वतःच्या घोंगडीत घेऊन बसला होता आणि स्वतः भिजत होता. मांजरानं त्याला दोनदा बोचकारलं. "भरलेलं हाय," एवढंच म्हणाला.

आमच्या शेजारच्या धोंडुबाईंचे यजमान वारले. त्या कायमच्या कुरुंदवाडला भावाकडे निघाल्या, तर अस्थींचा तांब्या लॉरीत घ्यायला आकाराम तयार होईना. "ड्रायव्हर भितोय," म्हणाला. तो तांब्या इलाहीनं नेला. दीड दिवसाची वाट, एका हातानं कासरा धरून, दुसऱ्या हातानं मांडीवरचा तांब्या सांभाळत. परत आल्यावर मला म्हणाला, "वैनी, पैल्यांदाच मला इचारता येईना. भरलेलं म्हणावं का वाढलेलं?" माझं बी.एस्सी. तिथं चालत नव्हतं.

आता एकाहत्तरचा मे महिना. गणपतरावांची बदली कुरुंदवाडला झाली. त्यांनी दोन वर्षांपूर्वी स्कूटर घेतली होती. लॉरी ऑफिसात स्कूटर घेतच नसत, टाकी भरलेली असो की कोरडी. एकदा कोणाच्या तरी स्कूटरचं ऑइल गळून कापडाचे गठ्ठे खराब झाले होते. तेव्हा स्कूटर, लोणच्याच्या बरण्या, दोन कुंड्या आणि देवांचं गाठोडं इलाहीकडे. रॉकेल मी या वेळी शेजारीच देऊन टाकलं होतं.

शुक्रवारी तो सामान बघायला आला. स्कूटरवर बोट ठेवलं. मी सांगितलं, "टाकीत तळाला थोडंसं पेट्रोल असेल."

"काढून ठेवा, वैनी. न्हाईतर उभी न्यायला लागंल, आन्‌ दोर लई लागतोय."

"काढून ठेवते," मी म्हटलं.

रविवारी गणपतराव म्हणाले, मी स्कूटर स्वतःच चालवत नेतो, आणि टाकी भरून आणली. सोमवारी सकाळी खात्याची जीप दुसऱ्याच कामासाठी कुरुंदवाडकडे निघाली होती. आमच्या साहेबांना जीपमध्ये जागा मिळाली, मलाही मिळाली, आणि स्कूटर पुन्हा इलाहीकडे. जीप दारात भों भों करत होती. मी एका हातात चप्पल आणि एका हातात किल्ल्या घेऊन धावत होते. इलाही एकेका वस्तूवर बोट ठेवत होता. बरण्या, भरलेल्या. कुंड्या, भरलेल्या. स्कूटर.

मी म्हटलं, "स्कूटरमधलं पेट्रोल वाढलंय बरं का."

शुक्रवारी थोडं होतं, आता जास्त झालंय, असं मला म्हणायचं होतं. साधं मराठी वाक्य. इलाहीचं तोंड असं उजळलं की मला क्षणभर नवल वाटलं. तो म्हणाला, "व्हय, वैनी! आता कसं शाण्यावानी बोललासा!" मला वाटलं नेहमीची थट्टा आहे. मी हसले आणि जीपमध्ये चढले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. हातकणंगल्याच्या अलीकडे ज्ञानू म्हणून एक शेतकरी आपल्या उसाला पाणी देत होता, त्यानं पाहिलं आणि नंतर मला सांगितलं. दुपारचा एक वाजला असेल. इलाहीनं बाभळीखाली गाडी सोडली. दोन्ही बैल गाडीच्या चाकांना बांधून कडबा टाकला. वारा होता म्हणून गाडीच्या आडोशाला तीन दगड मांडून चहाचं आधण ठेवलं. गाडीत स्कूटर पिंजरावर आडवी घातलेली, मागं वाळूच्या पाटीत बरण्या उभ्या. उन्हात तापून टाकीच्या झाकणातून पेट्रोल सकाळपासून पिंजरात झिरपत होतं आणि फळीच्या फटीतून खाली ठिबकत होतं. वास येत होता, पण कोरड्या टाकीलाही वास असतोच, असं वाटल्याचं इलाही नंतर म्हणाला.

"भप्प असा आवाज झाला," ज्ञानू म्हणाला, "लई मोठा न्हवं. चादर झटकल्यावानी. आन्‌ गाडी दिसायचीच बंद झाली."

इलाही बाजूला फेकला गेला होता. तो पळून जाऊ शकत होता. तो उठून बैलांकडे गेला. त्याच्याकडे कोयता होता, पण तो गाडीत, आगीत. त्यानं बोटांनी दावं सोडवायला घेतलं. एका बैलाचं सुटलं. दुसऱ्याची गाठ बैलाच्या हिसक्यांनी आवळलेली. ज्ञानू धावत येऊन त्याला मागं ओढेपर्यंत तो त्या जळत्या गाठीत बोटं घालतच होता. तो बैल, त्याचं नाव पाखऱ्या, तिथंच जळाला. त्याचं ओरडणं मळ्यातल्या बायांनी तिकडच्या टोकाला ऐकलं.

तिसऱ्या दिवशी मी कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात गेले. इलाहीचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. खतिजा, त्याची बायको, पंख्यानं वारा घालत होती. मला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

मी म्हटलं, "इलाहीभाई, मी तुम्हाला निघताना सांगितलं होतं ना पेट्रोल वाढलंय म्हणून?"

"व्हय. सांगितलंतं की."

"मग आडवी का घातलीत?"

त्यानं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. "वाढलंय म्हणालासा म्हणूनच तर आडवी घातली, वैनी."

मला कळायला थोडा वेळ लागला. खतिजाला माझ्या आधी कळलं. तिचा पंखा थांबला. "म्हंजे? त्यात हुतं?"

"टाकी भरलेली होती," मी म्हटलं. "वाढलं म्हणजे, जास्त झालं."

"वाढलं म्हंजे संपलं," खतिजा म्हणाली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची आई, तानाबाई, डबा सोडता सोडता म्हणाली, "मग? त्याबिगर दुसरं काय आसतंय?" पलीकडच्या खाटेवरून आणखी कोणीतरी म्हणालं, "बरोबर हाय." सगळा वॉर्ड एका बाजूला आणि मी एका बाजूला.

इलाही म्हणाला, "मला वाटलं, वैनी शेवटी शिकल्या."

हे तो टोमणा म्हणून बोलला नाही. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

दोन महिन्यांनी हात उघडले. बोटं तळव्याकडे वाकून चिकटली होती. कासरा धरता येईना, दोर बांधता येईना. तरी तो पिराजी नावाच्या भाच्याला गाडी हाकायला घेऊन, जळक्या गाडीला नव्या फळ्या ठोकून, उरलेल्या बैलाला जोडीदार बघून, झाडाखाली पुन्हा उभा राहिला. बांधायचं काम पिराजी करील, विचारायचं काम मी करीन, असा त्याचा हिशेब. आकारामनं त्याला तिथून उठवलं.

"इलाही, मालाची चौकशी न करता पेट्रोलशेजारी इस्तू पेटवलास तू. उद्या आमच्या दारातनं कुणाचा संसार जळाला तर लोक आमास्नी धरतील."

"इचारलंतं मी."

"इचारलंतंस तर जळलं कसं? का बाईनं खोटं सांगितलं?"

बाईनं खोटं सांगितलं नव्हतं. बाईनं खरं सांगितलं असंही म्हणता येत नव्हतं. आकारामनं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली की त्या माणसाला काही देऊ नका, तो विचारत नाही. आठ दिवसांत त्यात विडी आली. ज्यानं रॉकेल गाडीत असताना गगनबावड्यापर्यंत विडी तोंडाला लावली नाही, त्याच्या तोंडात गावानं विडी दिली.

इलाही एस.टी.नं कुरुंदवाडला माझ्याकडे आला. ओट्यावर बसला, आत आला नाही. चहाचा कप दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून प्याला.

"वैनी, मला तुमच्याकडनं काय नको. गाडीचं न्हाय, बैलाचं न्हाय. एकदा माझ्यासंगं त्या ऑफिसात चला. आकारामला एवढंच सांगा, ह्यानं इचारलंतं आन्‌ मी असं असं म्हणाले. माझ्या सांगण्याला कोण इचारतंय? तुमी शिकलेल्या. तुमचं ऐकतील. मग त्यो मला हुबा राहू दील."

"नक्की येते," मी म्हटलं. "पुढच्या गुरुवारी, अकरा वाजता."

"बेस्तरवारी."

"बेस्तरवारी."

मी गणपतरावांना सांगितलं. ते म्हणाले, "तू तिथं जाऊन सांगणार, मग लोक विचारणार, टाकी भरली होती तर साहेब स्कूटरवरून का गेले नाहीत. मग जीप निघेल. सरकारी जीपमधून बायकोला नेलं म्हणून चौकशी लागलेले दोघं आमच्या ऑफिसात आहेत. थोडं थांब. जरा निवू दे." माझ्या नवऱ्याला दोष देऊन मोकळं व्हायला मला जमणार नाही. त्यांनी थांब म्हटलं. माझे पाय कोणी बांधले नव्हते. मी त्यांच्याशी भाजीवरून, पडद्यांवरून, त्यांच्या आईवरून रोज भांडत होते. या बाबतीत भांडले नाही. मला त्या ऑफिसात उभं राहून, चार हमालांच्या देखत, मी काय बोलले ते पुन्हा बोलायची लाज वाटत होती. एक बी.एस्सी. बाई आणि तिला एक सरळ वाक्य बोलता आलं नाही. हे खरं कारण.

त्या गुरुवारी इलाही अकरापासून दोनपर्यंत लॉरी ऑफिसासमोर उभा होता, असं पिराजीनं सांगितलं. मी निरोप पाठवला, ताप आला होता म्हणून. ताप नव्हता.

बैल विकले गेले, गाडीचं लाकूड विकलं गेलं. पिराजी गिरणीत लागला. खतिजा लोकांच्या गाद्या शिवू लागली. इलाहीनं खुंटीवरची बापाची कमान काढून पाहिली, पण कापूस पिंजायला कमानीची तात झंकारावी लागते आणि त्याला मुठीत काहीच धरता येत नव्हतं. शेवटी एका लाकडाच्या वखारीत राखणीला बसला. तिथंसुद्धा मालक त्याला अधूनमधून म्हणायचा, "इलाही, विडी भाईर जाऊन वड हां." इलाहीला विडी सोडून तीन वर्षं झाली होती.

चौऱ्याहत्तर साली आम्ही कोल्हापुरात परत आलो, शाहूपुरीतच घर घेतलं. या वेळी सामान टेंपोतून आलं. आल्याच्या आठवड्यात इलाही दारात. केस पांढरे झाले होते. त्यानं तेच मागितलं. गाडी तर राहिली नव्हती, झाडाखाली उभं राहून करणार काय होता, असं मी त्याला विचारलंही.

"काय न्हाय करणार. पन आकाराम अजून सांगतोय. काल वखारीत येऊन सांगून गेला."

"बरं. या गुरुवारी."

मी गेले नाही. पाहुणे आले होते. त्याच्या पुढच्या वेळी मुलाची परीक्षा होती. तो वर्षातून दोनतीनदा यायचा, कधी वरमून, कधी माझी कारणं स्वतःच आधी सांगत, "आता सणाचं दिस, तुमची गडबड आसंल." अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर एस.टी. स्टँडवर भेटला. मी आजऱ्याच्या गाडीत चढत होते.

"वैनी, त्ये ऑफिस..."

"आल्यावर जाऊ, इलाहीभाई. नक्की."

"बेस्तरवारी?"

"बेस्तरवारी."

गाडी सुटली. पुढच्या पावसाळ्यात तो वारला. खतिजा चार दिवसांनी सांगायला आली, दारातच उभी राहिली, सांगितलं आणि गेली. बस म्हटलं तर बसली नाही. आकाराम त्यानंतर आणखी दीड वर्ष त्या ऑफिसात होता. सकाळी दहाला शटर वर जायचं. माझ्या घरापासून ते चालत बारा मिनिटांवर होतं, आणि मंडईला जाताना मी त्याच्यासमोरूनच जात होते.